दिवा काढू नका, गळती काढा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर, कर्जावर आणि विजेच्या बिलावर भाषणे झाली. आमच्या वाट्याला विषय आला आहे जीपगाडीच्या ब्रेकचा. कुणाला हसू आले तर खुशाल हसा. पण पटांगणाच्या कडेला लिंबाखाली ज्या जुन्या जीपगाड्या उभ्या आहेत, त्यांतल्या किती गाड्यांमध्ये ब्रेकचा लाल दिवा पेटतो आणि विझतच नाही? आणि किती गाड्यांतला तो दिवा काढूनच टाकलेला आहे? आम्ही हात वर करायला सांगत नाही. दोन हंगामांपूर्वी हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला असता तर आम्हीही मान खाली घातली असती.

आमच्या पाच गावांनी मिळून एक जुनी डिझेल जीप घेतली. चारही चाकांना ओढ असलेली घेतली, कारण आमची जमीन काळी. मृगाचा पाऊस पडला की पांदणीत बैलबंडी रुतते, तिथे साध्या गाडीचा काय पाड? खत, बियाणे, मेळाव्याचे कार्यकर्ते, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचे आजारी माणूस, वेचणीच्या दिवसांत मजूर बाया, सगळे त्याच गाडीतून. गाडी पाच गावांची म्हणजे मालक पाच गावांचे, आणि काळजी घेणारा एकही नाही. हे आधीच कबूल करून टाकतो.

पहिल्या वर्षी ब्रेकचा लाल दिवा लागला. ड्रायव्हरने बोनेट उघडले, टाकीतले ब्रेक ऑइल कमी दिसले, त्याने वरून ओतले. दिवा विझला. पंधरा दिवसांनी पुन्हा लागला, पुन्हा ओतले. असे तीन वेळा झाले. ऑइल जाते कुठे, हे एकदाही कुणी पाहिले नाही. मग पावसाळ्यात दिवा असा लागला की टाकी काठोकाठ भरलेली असूनही विझेना. तालुक्याच्या एका मिस्त्रीने पाहिले आणि म्हणाला, ‘ऑइल फुल्ल आहे, ब्रेक लागतो आहे, दिवाच खोटा आहे. बल्ब काढून टाका, डोक्याला ताप नको.’ आम्ही बल्ब काढला. पाच गावांतल्या शहाण्या माणसांनी मिळून काढला.

दिवाळीनंतर दुसरी वेचणी सुरू झाली. गाडीत चौदा बाया होत्या. चौदा माणसे बसवायची ती गाडी नव्हेच, परवानगीही तितक्यांची नव्हती. तेही आमचेच पाप. नाल्याच्या उताराला ड्रायव्हरने ब्रेक दाबला तर पॅडल जवळजवळ तळाला गेले. पुढची चाके थोडी धरली, मागची मोकळीच. त्याने हँडब्रेक ओढला, तोही धरेना. त्याने गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली आणि नाल्यात जाण्याऐवजी बाजूच्या तुरीत घातली. गाडी धुऱ्यावर चढून थांबली. जीव वाचले. एका बाईचे मनगट मोडले.

भावांनो, कापूस हाताने वेचतात. मनगट मोडले म्हणजे त्या बाईचा हंगाम गेला. तिच्या दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी आम्ही वर्गणी करून दिली. उपकार म्हणून दिली नाही, देणे लागत होतो म्हणून दिली. पण ती माउली आम्हाला एकच वाक्य बोलली, ‘दिवा लागला होता तर विझवला कशाला?’ त्या वाक्याला उत्तर नव्हते. आज जे सांगणार आहोत ते त्यानंतर शिकलो. आम्ही इंजिनिअर नाही. गाडी उघडून, जाणत्या मिस्त्रीच्या शेजारी बसून, हात काळे करून शिकलो.

एका घंटेला तीन दोऱ्या

आधी हा दिवा पेटतो कसा ते समजून घेऊ. हे एकदा कळले की निम्मे काम झाले.

चावी फिरवली की दिव्याच्या एका बाजूला बॅटरीची वीज येते. दुसऱ्या बाजूची वायर वेगवेगळ्या बटणांकडे जाते. त्यातले कोणतेही एक बटण त्या वायरीला गाडीच्या लोखंडाशी जोडते, म्हणजे अर्थ देते, तेव्हा दिवा पेटतो. बहुतेक जुन्या गाड्यांत अशी दोन बटणे असतात. एक हँडब्रेकच्या दांड्याशी, दुसरे ब्रेक ऑइलच्या टाकीत तरंगत्या फ्लोटला जोडलेले. काही गाड्यांत तिसरे असते, ते बूस्टरचा व्हॅक्यूम कमी झाला की दिवा लावते.

म्हणजे देवळात घंटा एक आणि दोऱ्या तीन. घंटा वाजली, पण कोणती दोरी ओढली गेली ते घंटा सांगत नाही. आमचे चुकले ते इथेच. पावसाळ्यात हँडब्रेकचे बटण चिखलाने अडकले होते. त्याने दिवा सतत पेटता ठेवला. तेव्हा आम्ही म्हणालो, दिवा खोटा. पण त्याच वेळी ऑइलची गळतीही चालूच होती. एका दोरीने उगाच घंटा वाजवली म्हणून आम्ही घंटाच उतरवली, आणि खरा चोर आला तेव्हा वाजवायला घंटा नव्हती.

म्हणून पहिला नियम. दिवा विझत नसेल तर बल्ब काढायचा नाही. दोऱ्या एकेक करून सोडायच्या.

कारण कसे शोधायचे

गाडी सपाट जागेवर उभी करा. गाडीची मागची-पुढची चाके दगड लावून अडवा. चावी फिरवा, इंजिन चालू करू नका. हँडब्रेक ओढा. दिवा पेटला पाहिजे. पेटला नाही तर बल्ब गेला आहे, किंवा फ्यूज गेला आहे, किंवा आमच्यासारख्या शहाण्यांनी तो काढला आहे. आधी बल्ब बसवा. ज्या गाडीचा दिवा पेटतच नाही ती गाडी निर्दोष आहे असे समजू नका. ती मुकी आहे.

आता हँडब्रेक पूर्ण सोडा. दिवा विझला नाही तर ऑइलची टाकी पाहा. टाकीवर वरची आणि खालची खूण असते. ऑइल खालच्या खुणेपाशी असेल तर दिवा खरे बोलतो आहे. त्याकडे पुढे येतो. ऑइल पुरेसे असेल तर हँडब्रेकच्या बटणाची वायर काढा. दिवा विझला, तर दोष त्या बटणात किंवा हँडब्रेक पुरता खाली न बसण्यात. विझला नाही, तर टाकीच्या झाकणावरची वायर काढा. विझला, तर दोष फ्लोटमध्ये. व्हॅक्यूमचे बटण असेल तर तेही याच रीतीने तपासा.

सगळ्या वायरी काढल्या तरीही दिवा पेटतोच? मग वायर मध्येच कुठेतरी सोलून लोखंडाला लागली आहे. आमच्या गाडीत अगदी हेच निघाले. हँडब्रेकच्या खाली फरशीच्या पत्र्याला घासून वायर उघडी पडली होती. तिला नवा तुकडा जोडला, वर रबरी नळी चढवली, क्लिपने बांधली, दिवा विझला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग हँडब्रेकच्या बटणाची वायर परत लावली तर दिवा पुन्हा पेटला. बटण उघडले, आत चिखल सुकून घट्ट बसला होता. ते साफ केले, दिवा विझला. मग टाकीची वायर लावली, आणि दिवा तिसऱ्यांदा पेटला, कारण टाकीत ऑइलच नव्हते. एका दिव्यामागे तीन कारणे. एक सापडले म्हणून आम्ही तिथेच थांबलो असतो तर पुन्हा नाल्यात गेलो असतो.

फ्लोटही कधी कधी फसवतो. जुना झाला की त्यात ऑइल मुरते आणि तो बुडतो, किंवा गाळात अडकतो. झाकण काढून फ्लोट बोटाने वर उचला. वर उचलल्यावर दिवा विझतो आणि खाली सोडल्यावर पेटतो, तर बटण ठीक आहे. झाकण काढण्याआधी त्यावरची धूळ कापडाने पुसून घ्या. टाकीत पडलेली काळी माती सिलिंडरच्या रबरावर कानस चालवते.

ऑइल कमी होते ते कुठे जाते?

ब्रेक ऑइल काही डिझेलसारखे जळत नाही. ते कमी झाले तर कारणे दोनच. पहिले, पॅड झिजले. डिस्कचे पॅड झिजत जातात तसा कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो, त्याच्या मागे ऑइल भरते आणि टाकीतली पातळी हळूहळू उतरते. ही गळती नव्हे. पण ती पॅड पाहण्याची सूचना आहे. अशा वेळी न पाहता वरून ऑइल ओतले, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे जातो, टाकी भरून वाहते, आणि ब्रेक ऑइल जिथे सांडेल तिथला रंग उतरतो.

दुसरे कारण गळती. चारही चाकांच्या आतल्या बाजू पाहा. टायरची आतली भिंत ओली असेल, ड्रमच्या मागच्या पत्र्याखाली ओघळ असेल, तर तिथले व्हील सिलिंडर फुटले आहे. रबरी होज वाकवून पाहा, चिरा दिसतात. लोखंडी पाईप गंजून सुटतात, विशेषतः चिखल साठून राहतो तिथे. मास्टर सिलिंडर मागच्या बाजूने गळले तर ऑइल बूस्टरच्या आत जाते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. ऑइल कमी होते पण कुठेच ओले नाही, असे असेल तर मास्टरचे नट सैल करून त्याच्या मागे बोट फिरवा.

ड्रममध्ये ओले दिसले म्हणजे ब्रेक ऑइलच असेल असे नाही. ॲक्सलचे सील गेले तर गिअर ऑइल येते. ब्रेक ऑइल पातळ असते आणि पाण्यात विरघळते. गिअर ऑइल दाट, चिकट, उग्र वासाचे, त्याच्यावरून पाणी घसरते. दोन्हींपैकी कोणतेही लायनरला लागले की ते लायनर बाद. पेट्रोलने धुऊन किंवा जाळून ते नीट होत नाही. दोन्ही मागच्या चाकांचे लायनर जोडीने बदला. एकच बदलले तर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते.

आता आमचा हँडब्रेक का लागला नाही ते कळेल. आमच्या गाडीत हँडब्रेक मागच्या चाकांवर आहे. डाव्या मागच्या चाकाचे सिलिंडर गळून लायनर भिजले होते. पायाचा ब्रेक गेला त्याच कारणाने हाताचाही गेला. आणि पुढची चाके थोडी का होईना धरली, कारण मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचे असते. एका कप्प्याचे ऑइल गेले तरी दुसरा काम करतो, पण पॅडल खोल जाते आणि ताकद निम्मी होते. चौदा बायांचे ओझे आणि वर उतार, तिथे निम्म्या ताकदीने काय होणार?

पॅडल कडक झाले तर

काही वेळा पॅडल खाली जात नाही, उलट दगडासारखे कडक होते. हे बूस्टरचे दुखणे. बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो. डिझेल इंजिन स्वतः पुरेसा व्हॅक्यूम देत नाही, म्हणून वेगळा पंप असतो. आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल जीपगाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो आणि त्याला इंजिनमधून ऑइलची बारीक नळी जाते. तपासायची रीत सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा. मग पाय दाबून ठेवूनच इंजिन चालू करा. पॅडल पायाखाली थोडे खाली सरकले तर बूस्टर ठीक. हलले नाही तर व्हॅक्यूमची नळी, तिच्यातला एकमार्गी वॉल्व्ह, पंप आणि बूस्टर या क्रमाने पाहा. सोपे आणि स्वस्त ते आधी.

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पंप अल्टरनेटरच्या पाठीला असेल तर पट्टा तुटल्यावर चार्जिंग बंद होते आणि व्हॅक्यूमही बंद होतो. अशा गाडीत बॅटरीचा दिवा लागला तर तो ब्रेकचाही इशारा समजा. काही गाड्यांत अल्टरनेटर बिघडला की बॅटरीचा आणि ब्रेकचा असे दोन्ही दिवे मंद मंद एकत्र पेटतात. तेव्हा ब्रेक उघडण्याआधी पट्टा पाहा आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर लावा. चौदा व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा.

दुसरी गोष्ट ड्रायव्हर मंडळींसाठी. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडण्याची सवय आपल्याकडे घरोघर आहे. इंजिन बंद झाले की बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पाय दाबेपर्यंतच पुरतो. त्यानंतर पॅडल कडक होते. आणि गिअर नसल्यामुळे इंजिनही गाडीला धरत नाही. भरलेली बंडी उताराला लागली की आपण बैल सोडून देतो का? कासरा ताणूनच धरतो ना?

कोणते ऑइल, कोणते नाही

टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते. तेच घाला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. नवे डॉट ३ किमान २०५ अंशांवर उकळते, पण पाणी ओढून जुने झाले की १४० अंशांपर्यंत उतरते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की चाकाजवळ एवढी उष्णता सहज तयार होते. ऑइल उकळले की वाफ होते, वाफ दबते, आणि पॅडल खाली जाते. थंड झाल्यावर ब्रेक पुन्हा ठीक! मग आपण म्हणतो, गाडीला काही झाले नाही, ड्रायव्हर घाबरला. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला. उघडून ठेवलेला अर्धा डबा गोठ्यातल्या फळीवर वर्षभर ठेवू नका.

आणि ही गोष्ट घरी जाऊन सगळ्यांना सांगा. ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑइल, इंजिन ऑइल, गिअर ऑइल यांतला एक थेंबही ब्रेकच्या टाकीत जाता कामा नये. ब्रेकची रबरे त्या तेलाने फुगतात, पिस्टन अडकतात, ब्रेक आधी जाम होतो आणि मग निकामी. ट्रॅक्टरच्या कामात असताना हाताशी तोच डबा असतो, म्हणून ही चूक होते. झाली असेल तर गाडी तिथेच उभी करा. सगळी प्रणाली धुवावी लागते आणि सगळी रबरे बदलावी लागतात. रबराचे भाग डिझेल-पेट्रोलने धुणे हीही तीच चूक. ते स्वच्छ ब्रेक ऑइलनेच धुवा.

दुरुस्ती आणि हवा काढणे

सिलिंडर गळत असेल तर त्याची आतली भिंत पाहा. गुळगुळीत असेल तर रबरांचे किट पुरते. खड्डे पडले असतील तर सिलिंडरच बदला. खड्ड्यावर नवे रबर म्हणजे फाटक्या पोत्याला नवी सुतळी.

चाक उचलताना फक्त जॅकवर विसंबू नका. खाली लाकडी ओंडका किंवा स्टँड द्या. आणि आपल्या जुन्या जीपगाड्यांचे एक वेगळेपण ध्यानात ठेवा. काही गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. अशा गाडीचे मागचे एक चाक उचलले की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते, कारण डिफरन्शियल उचललेल्या चाकाला मोकळे फिरू देतो. तिथे दगडच कामाला येतात.

काम झाल्यावर नळ्यांत शिरलेली हवा काढावी लागते. दोघे जण लागतात. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक आधी. आपल्याकडे मास्टर उजव्या हाताला, म्हणून डावे मागचे, मग उजवे मागचे, मग डावे पुढचे, शेवटी उजवे पुढचे. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. एकाने पॅडल तीन वेळा दाबून धरून ठेवायचे, दुसऱ्याने निपल सैल करायचा, बुडबुडे निघू द्यायचे, निपल बंद करायचा, आणि ‘सोड’ म्हटल्यावरच पहिल्याने पाय उचलायचा. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर सगळे पहिल्यापासून. बाटलीतले ऑइल परत टाकीत ओतू नका. पॅडल घट्ट लागले की मोकळ्या मैदानात हळू चालवून पाहा. बाया-माणसे त्यानंतर.

थोड्या नव्या गाड्यांत एबीएसचा पिवळा दिवा असतो. पिवळा एकटाच पेटला तर साधा ब्रेक चालतो, चाक अडकू न देण्याची सोय तेवढी बंद असते. चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसला आहे का, त्याची वायर तुटली आहे का ते पाहा. पऱ्हाटीच्या धसकटांतून गाडी घातली की ही वायर हमखास तुटते. पण लाल आणि पिवळा दोन्ही मिळून पेटले तर गाडी पुढे नेऊ नका.

दोन दिवे

शेतकरी भावांनो, ही सगळी यंत्राची गोष्ट झाली. पण गाडीखाली पडून वायर शोधताना आमच्यातल्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याने जे म्हटले ते सांगून संपवतो. तो म्हणाला, ‘सातबाऱ्यावरचा बोजाही असाच लाल दिवा आहे.’ २००८ साली कर्जमाफी झाली, २०१७ साली झाली, २०१९ साली झाली. ज्यांना मिळाली त्यांचा दिवा तेवढ्यापुरता विझला, आणि पुन्हा पेटला. टाकीत वरून ऑइल ओतले, गळणारे सिलिंडर तसेच. उत्पादन खर्च भरून न निघणारा भाव ही ती गळती आहे. आम्ही कर्जमाफीला नको म्हणत नाही. रिकाम्या टाकीत ऑइल ओतावेच लागते. पण ओतणाऱ्याने चाकाच्या आतली बाजू पाहिली का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

मात्र सरकारला हा प्रश्न विचारण्याआधी आपल्या दारातल्या गाडीला विचारू. सरकारने दिवा काढला म्हणून आपण बोलतो, आणि आपणच आपल्या गाडीचा दिवा काढून त्यात मजूर बाया बसवतो. हे दोन्ही एका तोंडाने चालायचे नाही.

म्हणून आमची मागणी आज सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. वेचणी सुरू होण्याआधी प्रत्येक गावाने आपल्या गाडीची चावी फिरवून, हँडब्रेक ओढून दिवा पेटतो का ते पाहावे. पेटत नसेल तर बल्ब बसवावा. विझत नसेल तर कारण शोधावे, आणि एक सापडले तरी थांबू नये. चारही चाकांच्या आतल्या बाजू बोट लावून पाहाव्यात. गाडीत बसतील तेवढीच माणसे बसवावीत. आणि सामाईक गाडी असेल तर तिची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून ठेवावी.

मायबहिणींनो, तुम्हालाही सांगतो. गाडीत पाय ठेवण्याआधी ड्रायव्हरला विचारा, ‘दिवा लागतो का? विझतो का?’ तो चिडला तर चिडू द्या. आमच्या गावात आता बाया हे विचारल्याशिवाय गाडीत चढत नाहीत. ज्या माउलीचे मनगट मोडले होते ती पुढच्या हंगामात वेचणीला आली. गाडीजवळ आली, डॅशबोर्डकडे पाहिले, ड्रायव्हरने चावी फिरवून हँडब्रेक ओढून दाखवला. दिवा पेटला. हँडब्रेक सोडला. दिवा विझला. मग ती बसली.

आमचे बोलणे संपले. जेवणानंतर आमची गाडी लिंबाखाली उभी आहे. ज्यांना ही तपासणी हाताने करून पाहायची आहे त्यांनी तिथे यावे. बल्ब, वायर आणि टेस्ट लॅम्प सोबत आणला आहे.